समुपदेशनाची पहिली भेट : जाण्याआधी काय ठाऊक असावे?

अभ्यासलेख
शास्त्रवाचन : १ राजे, अध्याय १९, वचने १ ते १८



"बाई, तिथं नेऊन काय करत्यात? शॉक देत्यात का?"

गेल्या वर्षी आषाढात आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील एका वाडीत एका ताईने मला हा प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघी समुपदेशकाकडे जाणार होतो. पिशवी भरलेली होती, आधार कार्ड काढून ठेवलेले होते, पण तिचा पाय घरातून निघत नव्हता. तिला त्रास होताच. पण त्या त्रासापेक्षा तिथे गेल्यावर काय होईल याची धास्ती मोठी होती.

ताईचे घर डोंगराच्या कड्याखाली आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा जीव गेला, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. गाव जागेवर दिसत नाही, हे प्रथम एका एस.टी. चालकाच्या लक्षात आले होते. पुढे २०१७ मध्ये माळीणच्या लोकांना नव्या जागी घरे मिळाली. पण तशाच कड्यांखाली राहणाऱ्या इतर वाड्यांत त्या दिवसानंतर पावसाची भीती बसली ती बसलीच. ही ताई कित्येक वर्षे पावसाळ्यात रात्र रात्र दाराशी बसून काढत होती. मुलांचे कपडे, रेशन कार्ड आणि थोडे तांदूळ यांचे गाठोडे मांडीवर. पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की छातीत धडधड, हातपाय गार. अलीकडे तर कोरड्या रात्रीही झोप नाही. घरचे म्हणत, "बाहेरचं काहीतरी हाय." भगताकडे जाऊन झाले, दवाखान्यात सलाईन लावून झाले आणि आमच्याकडून प्रार्थनाही झाली.

ताईच्या परवानगीनेच मी हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलला आहे.

तिचा प्रश्न केवळ वाडीतला नाही. पुण्यातील मंडळ्यांत शिकलेले सभासदही मला उपासनेनंतर बाजूला घेऊन हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. म्हणून या अंकाच्या अभ्यासासाठी हा विषय घेतला आहे.

आधी माझी चूक

शिकवण्याआधी एक कबुली देणे भाग आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या एका वाडीतील बहिणीने मला सांगितले होते की, नवऱ्याच्या मारामुळे तिला जगावेसे वाटत नाही. मी तिच्याबरोबर प्रार्थना केली, विश्वास धर म्हणून सांगितले आणि शहरात परतले. त्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत मी "विनंती" म्हणून तिची सगळी हकिगत सांगितली. वाडीचे नावही सांगितले. माझ्या मनात तिच्याविषयी कळकळच होती. पण त्या सभेत बसलेल्या कोणाचे तरी त्या बाजूला नाते होते. महिन्याभरात गोष्ट तिच्या सासरी पोहोचली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तिने दार उघडले नाही. नंतर एकदा आठवडी बाजारात ती दिसली आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेली.

त्या वेळी माझ्याजवळ धर्मशास्त्राची पदविका होती. दुःखी माणसाला काय सांगावे, हे मी शिकले होते. त्याचे ऐकून घेतलेले कुठे ठेवावे, हे शिकले नव्हते. समुपदेशनाची पद्धत मला नंतर समजली तेव्हा तिच्यातील पहिली गोष्ट, म्हणजे गुप्तता, माझ्या मनाला लागली ती याच कारणाने.

एलीया झुडपाखाली

आता शास्त्रभागाकडे वळू. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा दुसऱ्याच अध्यायात रानात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. इथे देव काय करतो, आणि कोणत्या क्रमाने करतो, हे आपण पाहावे.

देव त्याला आधी उपदेश करत नाही. त्याला झोप मिळते. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो. भाकर आणि पाणी ठेवलेले असते. तो पुन्हा झोपतो. पुन्हा खाणे. पुढे होरेब डोंगरावर देव त्याला इथे येण्याचे कारण विचारतो. एलीया आपले गाऱ्हाणे सांगतो. वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलीया तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगतो. "हे तू आत्ताच सांगितलेस" असे देव म्हणत नाही. दोन्ही वेळा ऐकून घेतो. त्यानंतर त्याला करता येण्याजोगी कामे सांगतो, अलीशा हा सोबती देतो आणि तू एकटा उरलेला नाहीस हेही दाखवतो.

मी या अध्यायात आधुनिक मानसशास्त्र शोधत नाही. पण चांगला समुपदेशक कसा वागतो हे वाडीत समजावताना मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही. शरीराची काळजी, शांतपणे विचारलेला प्रश्न, तीच गोष्ट दोनदा ऐकण्याची तयारी, मग लहान काम आणि सोबत.

कोणाकडे जायचे?

नावांचा गोंधळ फार होतो, म्हणून थोडक्यात सांगते.

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात. ते आजाराचे निदान करतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते चाचण्या आणि बोलण्याच्या पद्धतीने उपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हे नाव मात्र सैल वापरले जाते. म्हणून शिक्षण कुठे झाले, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, असा त्रास असलेल्या माणसांबरोबर आधी काम केले आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही.

आपले पाळक आणि आम्ही कार्यकर्ते यांपैकी कोणी नाही. पाळक साहेबांचे काम वेगळे आहे आणि मोलाचे आहे. परंतु बायबल शिकवण्याच्या पदविकेने मनाच्या आजारावर उपचार करता येत नाहीत, हे मी स्वतःकडे बोट दाखवून म्हणते.

पहिल्या भेटीत काय होते?

ताईला मी एस.टी.त सांगितले तेच इथे लिहिते.

एका खोलीत बसायचे असते. दार लावलेले असते. सुईटोचणी नसते, शॉक नसतो. बोलण्याच्या उपचारात विजेचा काही संबंधच नाही. शॉक म्हणून ज्याला आपण भितो तो वेगळा वैद्यकीय उपचार आहे. काही गंभीर आजारांतच तो डॉक्टर देतात, आणि भूल न देता तो देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे.

समुपदेशक आधी साधी माहिती विचारतात. घरी कोण कोण आहे, झोप कशी आहे, भूक कशी आहे, त्रास कधीपासून आहे, आधी कोणते औषध घेतले. दारूबद्दल विचारतात. जीव द्यावासा वाटतो का, असेही स्पष्ट विचारतात. हा प्रश्न ऐकून नातेवाईक दचकतात. त्यामुळे नको तो विचार डोक्यात येईल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. उलट आजवर कोणी विचारलेच नव्हते म्हणून माणसाला हायसे वाटते.

"माझे मन खचले आहे" असे आमच्या वाड्यांत कोणी म्हणत नाही. "जीव घाबरा होतो", "डोक्यात मुंग्या येतात", "इचार लागल्यात" असे म्हणतात. तसेच सांगावे. मोठे शब्द शोधायची गरज नाही. झिंबाब्वेतही शोना भाषेत खिन्नतेला "अति विचार करणे" या अर्थाचाच शब्द आहे. तिथे २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी प्रशिक्षित आज्यांना दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसवून लोकांचे ऐकून घेण्याचे काम सुरू केले, आणि ते काम त्या शब्दापासूनच सुरू होते.

सगळे एकाच दिवशी सांगावे असे बंधन नाही. एखाद्या गोष्टीवर "हे आज नको" म्हणता येते. रडू आले तर चालते, आले नाही तरी चालते. पहिल्याच भेटीत उत्तर मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवावे. ताईच्या सासूबाई घरून निघताना म्हणाल्या होत्या, "एवढं भाडं घालून जाताय, तर एकदाच काय ते करून या." तसे होत नाही.

माझाही अनुभव सांगते. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर माझी झोप उडाली आणि घरच्यांच्या आग्रहाने मी एका समुपदेशक बाईंकडे गेले. पहिल्या भेटीत जवळजवळ पूर्ण वेळ मी वाड्यांतल्या लोकांच्या अडचणी सांगत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, "आणि तुमचे काय?" मला काही बोलता आले नाही. त्या दिवशी एवढेच झाले. परतताना वाटले, पैसे वाया गेले. दुसऱ्या भेटीला गेले तेव्हा त्या प्रश्नापासून सुरुवात झाली.

पुढच्या भेटींत

बोलण्याच्या उपचाराच्या अनेक पद्धती आहेत. आपल्याकडे बऱ्याचदा वापरली जाणारी पद्धत विचार आणि वागणूक यांवर काम करते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. एलिस यांची पद्धत मराठीत "विवेकनिष्ठ" या नावाने ओळखली जाते. तिचा गाभा सोपा आहे. प्रसंग घडतो, त्यावर मनात एक विचार येतो, त्या विचारातून भीती किंवा निराशा येते आणि त्याप्रमाणे आपण वागतो. हा विचार पकडून तो कितपत खरा आहे हे समुपदेशकाबरोबर तपासायचे, आणि वागण्यात लहान लहान बदल करून पाहायचे.

ताईच्या बाबतीत मला यातील प्रामाणिकपणा दिसला. समुपदेशकांनी तिला "भिऊ नको, काही होणार नाही" असे सांगितले नाही. कडा खरोखर धोक्याचा आहे, मग तसे कसे सांगणार? त्यांनी तिच्याबरोबर दोन यादी केल्या. एक, कामाची भीती : डोंगरावर नव्या भेगा दिसणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे. यांपैकी काही दिसले तर मुलांना घेऊन लगेच सुरक्षित जागी जायचे, शेजाऱ्यांनाही हाक मारायची. दोन, बिनकामाची भीती : चांदणे पडले आहे, पाऊस नाही, तरी दाराशी बसून राहणे. पहिल्या भीतीसाठी गाठोडे तयार ठेवायचे, पण ते मांडीवरून काढून खुंटीला टांगायचे. दुसऱ्या भीतीसाठी श्वास सावकाश सोडण्याचा सराव आणि झोपण्याची ठरलेली वेळ.

दर भेटीनंतर असे काही घरी करायचे असते. म्हणजे उपचार समुपदेशक एकटे करत नाहीत, आपणही करतो.

तीन गोष्टींची तयारी ठेवावी.

पहिली, सुरुवातीला त्रास थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो. दाबून ठेवलेले वर येते. त्या रात्री झोप कमी लागली तर "उपचार लागू पडत नाही" असे लगेच ठरवू नये. पुढच्या भेटीत ते सांगावे.

दुसरी, समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर तसे सांगता येते आणि बदलताही येते. दोन-तीन भेटी मात्र द्याव्यात.

तिसरी, काही जणांना औषधही लागते. औषध घेणे हा विश्वासाचा पराभव नाही. खिन्नतेच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. म्हणून "चार दिवस घेतल्या, काही फरक नाही" म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता बंदही करू नयेत.

किती दिवस चालते?

हे त्रासावर अवलंबून आहे. पण गोव्यातील एक अनुभव आपल्याला दिलासा देणारा आहे. डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या "संगत" या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र खिन्नता असलेल्या ४९५ व्यक्तींपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर बोलण्याचा छोटा उपचार दिला : सहा ते आठ भेटी, प्रत्येक तीस ते चाळीस मिनिटांची. देणारे डॉक्टर नव्हते. मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण आणि सतत देखरेख मिळालेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक खिन्नतेतून बाहेर आले होते. फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी तिथेच केलेल्या चार भेटींपर्यंतच्या उपचाराचाही उपयोग दिसला, पण तुलनेने कमी : ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के.

यातून दोन गोष्टी समजतात. उपचार वर्षानुवर्षे चालतोच असे नाही. आणि तो सगळ्यांना लागू पडतोच असेही नाही. ६४ म्हणजे १०० नव्हेत. ज्यांना पहिल्या खेपेला गुण येत नाही त्यांना अविश्वासू म्हणू नये. त्यांना पुढचा मार्ग दाखवावा.

आदिवासी भागातही असे काम झाले आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात "आत्मीयता" या उपक्रमात गावातल्याच स्वयंसेवकांना ऐकून घेण्याचे आणि गरजूंना दवाखान्यापर्यंत नेण्याचे प्रशिक्षण दिले गेले. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांसाठी हा नमुना जवळचा आहे.

गुप्तता आणि प्रार्थनेची विनंती

तुम्ही सांगितलेले समुपदेशक कोणाला सांगत नाहीत. नवऱ्याला नाही, सासूला नाही, पाळकांना नाही आणि घेऊन आलेल्या कार्यकर्तीलाही नाही. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला हा हक्क दिला आहे. अपवाद थोडे आहेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर. मुलांबाबतची माहिती २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवावीच लागते. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो.

मला मात्र या नियमाने अडचणीत टाकले. ताई म्हणाली, "बाई, तुमीबी आत बसा." समुपदेशकांनी पहिली दहा मिनिटे मला बसू दिले, मग नम्रपणे बाहेर पाठवले. बाहेरच्या बाकावर बसून मला जुनी बहीण आठवली.

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम केला आहे. प्रार्थनेच्या विनंतीत नाव, वाडी आणि त्रासाचे कारण सांगायचे नाही. सांगायचेच असेल तर त्या व्यक्तीला विचारून. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा" एवढे पुरते. देवाला पत्ता ठाऊक आहे. प्रत्येक मंडळीने हा नियम करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रार्थना की उपचार?

हा प्रश्न आपणच उभा केला आहे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि वैद्य असणे त्याच्या सेवेआड आले नाही. आसियात आपल्यावर आलेल्या संकटात जगण्याचीही आशा उरली नव्हती, हे पौल मंडळीला उघडपणे लिहितो (२ करिंथ १:८). स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, तरी ते शास्त्रात आहे. मग आपल्या उपासनेत खचलेल्या माणसाने हसरा चेहरा करून का यावे?

प्रार्थना सोडा असे मी म्हणत नाही. ताई समुपदेशनाला जाऊ लागली तेव्हा आमची प्रार्थना थांबली नाही. पण प्रार्थनेच्या नावाने उपचार अडवू नये. २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे धर्मस्थळाजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आजारी माणसाला बांधून ठेवून त्याच्यावर प्रार्थना करणे आपल्या ख्रिस्ती लोकांतही घडू नये यासाठी लिहीत आहे. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. याउलट उदाहरणही आपल्याजवळ आहे : वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रात रुग्णाबरोबर नातेवाइकाने राहावे आणि उपचारात भाग घ्यावा, ही पद्धत अनेक दशकांपासून आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. आपण ज्यांना उपचाराला नेतो त्यांच्यापैकी बहुतेक जण आपल्या मंडळीचे नाहीत, आणि त्यांनी व्हावे अशी अट नाही. खचलेल्या माणसाकडून काहीही कबूल करून घेणे सोपे असते. म्हणूनच ते करायचे नसते. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला धर्म विचारला नव्हता, उतारशाळेचे पैसे मात्र भरले होते.

वाटेतल्या अडचणी

आमच्या लोकांना भीतीपेक्षा जास्त काय अडवते? रोज. आवणीच्या दिवसांत एक दिवस दवाखान्यात घालवला तर मजुरी बुडते. कोणी नारायणगावला टोमॅटोच्या कामावर असते, कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर गेलेली असतात. एस.टी. चुकली तर मुक्काम पडतो. ताईच्या दोन भेटी आवणीमुळे चुकल्या. समुपदेशक रागावल्या नाहीत. त्यांनी पुढची वेळ बाजाराच्या दिवशी दिली. म्हणून तुमच्या देणगीतून भाडे आणि बुडालेल्या रोजाची भरपाई आम्ही प्रथम देतो. अहवालात हा खर्च लहान दिसतो, पण त्याच्यावाचून दुसरी भेट होत नाही.

सरकारी सोय पुढीलप्रमाणे शोधावी. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात (घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव, मंचर) मनोविकारतज्ज्ञ येतात का आणि कोणत्या वारी, हे आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधी विचारावे. औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय हे पुढचे टप्पे. ऑक्टोबर २०२२ पासून "टेली मानस" ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. कड्याखालच्या वाड्यांत रेंज नसते. जिथे मिळते त्या टेकडीपर्यंत सोबत चालत जाणे हीही सेवाच आहे.

कोणी जीव देण्याची भाषा केली तर "पाप आहे" म्हणून गप्प करू नका. जवळ बसा, एकटे सोडू नका, शेतीचे विषारी औषध आणि दोर घरातून दूर ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेची नव्हे तर उपचाराची गरज आहे, असेच २०१७ चा कायदाही धरतो.

ताईचे पुढे काय झाले?

सात भेटी झाल्या. आता ती बहुतेक रात्री झोपते. जोराचा पाऊस आला की अजून उठते, बाहेर जाऊन झऱ्याचे पाणी पाहते आणि परत येऊन पडते. गाठोडे खुंटीला आहे. कड्याची पाहणी व्हावी म्हणून वाडीतल्या बायकांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला, त्यावर पहिला अंगठा तिचा आहे. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. कड्याचा धोकाही कमी झालेला नाही. समुपदेशनाने डोंगर हलत नाही, हे मी देणगीदारांना खरे सांगितले पाहिजे.

मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीतील एका मुलीला समुपदेशकाकडे न्यायचे ठरले. तीही घाबरली होती. ताई तिला म्हणाली, "काय नाय गं करत. इचारत्यात आन् आयकत्यात."

गटात चर्चेसाठी

१. एलीयाला देवाने उपदेशाआधी काय काय दिले? आपल्या मंडळीत खचलेल्या माणसाला आपण आधी काय देतो?
२. आपल्या प्रार्थनासभेत कोणाची खासगी गोष्ट उघड झाली आहे का? ती पुन्हा होऊ नये म्हणून कोणता नियम करता येईल?
३. आपल्या मंडळीतील कोणी मानसोपचार घेत आहे असे कळले तर आपले वागणे बदलेल का? कसे?
४. जवळच्या रुग्णालयात ही सोय कोणत्या वारी असते, हे पुढच्या सभेपर्यंत कोण विचारून येईल?

प्रार्थनेसाठी

कड्याखाली पावसाळा काढणाऱ्या कुटुंबांसाठी. त्यांच्या सुरक्षित पुनर्वसनासाठी. सरकारी रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी व समुपदेशकांसाठी. ऐकून घेण्याचे प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या वाडीतील तरुणींसाठी. आणि ज्या एका बहिणीचे दार माझ्यामुळे बंद झाले, तिच्यासाठी.